आठ दिवसांनी अर्धं

बुधवार, १३ तारीख
इस्पितळ, तळघरातली खोली

दादा,

आशीर्वाद आहेतच, घ्यायचे की नाहीत ते तू ठरव. तीन वर्षांत तुला अकरा पत्रं लिहिली, एकाचंही उत्तर नाही. हे बारावं. अक्षर वाकडंतिकडं दिसेल. पलंगावर बसून, मांडीवर जेवणाचा ट्रे घेऊन लिहितो आहे. पेन गळतं म्हणून पेन्सिल घेतली, तीही बोथट. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत छत्तीस वर्षं नकाशे काढले. पेन्सिलीचं टोक जिभेला लावल्याशिवाय हात पुढे सरकत नाही, ही सवय आता माझ्याबरोबरच जाईल.

सूनबाईने तुला सांगितलं असेलच. गळ्यातली गाठ काढली, ती वाईट निघाली. उरलंसुरलं जाळायला सोमवारी मला एक कॅप्सूल दिली, किरणोत्सारी आयोडीनची. शिशाच्या जाड डब्यातून निघाली. मी ती गिळली आणि देणारी बाई अशी मागे सरली, जणू मी आता भुंकणारच. तेव्हापासून मी लहानसा सूर्य आहे. शाळेच्या पुस्तकातले कवी आयुष्यभर सूर्याकडे बघून उसासे टाकत, मी एका घोटात होऊन बसलो. तेज माझ्या घामातून जातं, थुंकीतून जातं, बाकी कुठून जातं ते लिहीत नाही. म्हणून भिंतीत शिसं, दार जड, खिडकी नाही आणि जवळ कोणी नाही.

दिवसातून दोनदा ठमी येते. तुझी लेक, माझी नात. जमिनीवर पिवळी पट्टी चिकटवली आहे, तिच्या पलीकडे उभी राहते, हातातलं यंत्र माझ्यावर रोखते आणि आकडा वहीत लिहिते.

"अण्णा, सरळ बसा. हलू नका."

"बंदूक रोखल्यासारखी काय रोखतेस गं?"

"पाणी किती प्यालात?"

"दोन तांबे."

"चार सांगितले होते. आणि लाळ सुटायच्या आंबट गोळ्या?"

"संपल्या."

"एका दिवसात? लहान मुलं परवडली!"

हसते, पण डोळे यंत्रावर. दादा, तू तिला या वेषात पाहिलेलंच नाहीस. छातीवर एक बिल्ला, बोटात अंगठीसारखा दुसरा. किती किरण अंगावर पडले ते दोन्ही मोजत राहतात. रोज सकाळी सहाला कामावर हजर. तिथे एक शिशाने मढवलेलं भांडं असतं, त्यातून त्या दिवसाचं औषध काढायचं. ते सगळे त्याला 'गाय' म्हणतात. "अण्णा, धार काढायला चालले," असं सांगून ही घरातून निघते. शेजारच्या आजींना बरेच दिवस वाटत होतं की हिला दूधवाल्याकडे नोकरी लागली.

पहिल्या वर्षी तिने माझ्याकडच्या जेवणाच्या टेबलावर सराव केला. विटांची भिंत रचायची, तिच्या आड हात घालायचे आणि आरशात बघून नुसतं पाणी सिरिंजमध्ये भरायचं. जितका वेळ कमी तितके किरण कमी. घड्याळ म्हणून मी होतो. पाचवीच्या पुस्तकातली ढगांची कविता म्हणायचो. पहिल्या दिवशी चारही कडवी झाली तरी सिरिंज अर्धीच. आता माझी दुसरी ओळ संपायच्या आत हात बाहेर. अठ्ठावीसला शेवटची परीक्षा आहे. ती झाली की बिल्ल्यावरचा 'प्रशिक्षणार्थी' हा शब्द जाईल आणि ती टेक्नॉलॉजिस्ट होईल.

तुझी भीती मला कळते. पोरगी किरणांच्या धंद्यात गेली, तिच्या अंगाला, उद्याच्या मुलाबाळांना काही झालं तर? पण मी आत बसून सांगतो, या खोलीतून एक कण बाहेर जात नाही. कपटासुद्धा नाही. काल मी अर्धवट टाकलेलं बिस्किटही पिवळ्या पिंपात गेलं. इतकी काळजी आपण कधी एकमेकांची घेतली नाही.

त्या प्रवेशअर्जावरच्या सहीबद्दल खरं तर लिहायला बसलो होतो. ती सही... असो. ते पुन्हा कधीतरी. इथे हवा फार थंड करून ठेवतात, बोटं आखडतात.

ठमी म्हणाली, पत्र आतच राहील, फोटो काढून आईला पाठवते. मी म्हटलं, फोटो तुझा बाप एका बोटाने पुसेल. कागद फाडायला दोन हात लागतात, तेवढ्यात एखादी ओळ वाचून होते. "नियम म्हणजे नियम," म्हणाली आणि दार लावून गेली. उद्या मला सोडणार आहेत. मी काढीन काहीतरी वाट.

अठ्ठावीसला ये. नुसता ये.

अण्णा


शनिवार, १६ तारीख
घर, मागची खोली

दादा,

आधी कामाचं. माझं बुधवारचं पत्र तुला सोमवारी किंवा मंगळवारी मिळेल. ते उघडू नकोस. तू माझा फोन घेत नाहीस म्हणून सूनबाईला सगळं सांगितलं आहे: हात लावायचाच झाला तर प्लॅस्टिकची पिशवी चढवून लावायचा, नंतर हात धुवायचे, पाकीट माणसांपासून लांब ठेवायचं. घाबरण्यासारखं नाही. ठमीच्या पुस्तकात पाहून लिहितो आहे. पण जाळू नकोस, फाडू नकोस, टाकून देऊ नकोस. एवढं माझं ऐक.

आता ते कसं झालं ते.

गुरुवारी सुटलो. अंघोळ केली, घरचे धुतलेले कपडे घातले आणि चार पानं घडी करून सदऱ्याखाली पोटाशी ठेवली. ठमीने पट्टीच्या पलीकडून मला मोजलं. आकडा घरी सोडण्याएवढा होता. मीच एवढा पेटलेला, पोटाशी चार पानं जास्तीची आहेत ते कोणत्या यंत्राला कळणार? मग तिने खोली तपासली, पलंग, नळ, दाराची मूठ, आणि वहीत लिहिलं: खोलीतून कोणतीही वस्तू बाहेर नेलेली नाही. खाली सही केली. मी चाकाच्या खुर्चीत बसून बघत होतो. खोटं कशाला बोलू, मला गंमत वाटत होती. चोरून चिंच खाल्ल्यासारखी.

घरी आल्यावर पानं पाकिटात घातली, डिंक जिभेने ओला केला, पाकीट चिकटवलं, पत्ता लिहिला, दाराजवळच्या फळीवर ठेवलं. मी मागच्या खोलीत, ती पुढच्या. अजून काही दिवस आमच्यात अंतर ठेवायचं आहे. शुक्रवारी सकाळी आतून ओरडून म्हटलं, "ठमे, काल घरी लिहिलेलं पत्र आहे, जाता जाता पेटीत टाक." तिने ते पर्सच्या कप्प्यात ठेवलं, हात पुसायच्या रुमालाशेजारी. इस्पितळाच्या फाटकाशी पेटी आहे, तिथे टाकलं आणि आत गेली.

कामावर जाताना त्यांना एका यंत्रावर हात ठेवावे लागतात. ते यंत्र ओरडलं.

बोटांवर सापडलं, मग रुमालावर, मग पर्सच्या कप्प्यात. तिथे एक मुख्य टेक्नॉलॉजिस्ट आहेत, सगळे त्यांना मीटरबाई म्हणतात, कारण हातातलं मोजयंत्र त्या जेवतानाही खाली ठेवत नाहीत. त्यांनी आवाज न चढवता विचारलं, "गुरुवारी खोली कोणी तपासली?"

"मी."

"ही सही तुझी?"

"माझीच."

"मग हे बाहेर कसं आलं?"

ठमीची कामाची वही कपाटात बंद झाली. सत्तावीसला चौकशी. तोवर विभागात पाय ठेवायचा नाही. निष्काळजीपणा ठरला तर अठ्ठावीसची परीक्षा नाही, आणि मग कोणतंच इस्पितळ तिला दारात उभं करणार नाही. या कामात सही खोटी ठरलेल्या माणसाच्या हातात औषध देत नाहीत.

दुपारी ती घरी आली आणि जिन्याच्या पायरीवर बसून राहिली. पाच वेळा धुऊन बोटं पांढरी पडली होती. मी दाराच्या आत.

"हातमोजा फाटला असेल का, अण्णा? की मूठ पुसली आणि तोच हात रुमालाला... नाही, रुमाल तर लॉकरमध्ये होता. मग मी केलं तरी काय?"

गुरुवार मिनिटामिनिटाने उलगडत होती. मी तोंड उघडलं आणि पाण्याचा घोट घेतला.

तिला अजून सांगितलेलं नाही. रागावू नकोस. दुपारची कपड्यांसकट झोपून गेली आहे, चप्पलसुद्धा एकच काढली आहे. सोमवारी सांगीन.

अण्णा


गुरुवार, २१ तारीख
घर

दादा,

सांगितलं. सोमवारी सकाळी, दारात उभा राहून, शाळेत उभं करत तसं.

मला वाटलं रडेल, ओरडेल. ती कागद शोधायला लागली.

"पेन्सिल किती वेळा जिभेला लावलीत?"

"मोजलं नाही गं."

"एका पानाला अंदाजे? दहा? वीस?"

"वीस असेल. तिसऱ्या पानावर जास्त."

"आणि पाकीट जिभेने चिकटवलंत."

"हो."

तिने काहीतरी गणित मांडलं, उत्तराखाली दोन रेघा ओढल्या. मग पेन खाली ठेवलं. "म्हणजे मी काही चुकले नव्हते," म्हणाली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "हेही तुम्हीच, अण्णा."

हेही. त्या शब्दाने तीन रात्री झोप नाही. तुला तो कळावा म्हणून आता लिहितो, आणि एकटाकी लिहितो, कारण थांबलो तर पुन्हा हवापाण्यावर जाईन.

प्रवेशअर्जावर पालकाची संमती लागत होती. तू म्हणालास, मेलो तरी सही करणार नाही. शेवटची तारीख आली. ठमी तुझ्या घरातून माझ्याकडे आली आणि टेबलावर डोकं ठेवून बसली. तिने मला काही सांगितलं नाही, काही मागितलं नाही. ती तोंड धुवायला गेली तेव्हा मी तुझं जुनं पत्र काढलं. पातळ कागदावर तुझी सही तीनदा गिरवली, चौथ्यांदा अर्जावर केली. छत्तीस वर्षं नद्या आणि नळ हुबेहूब उतरवले, एक सही उतरवायला कितीसा वेळ. शेवटचा तो उभा फटकारा तू आठवीपासून मारतोस, तोही जमला. मला त्याचा अभिमानही वाटला, देव मला क्षमा करो.

मग कॉलेजातून तुला फोन आला. तू आम्हा दोघांना समोर बसवून विचारलंस, "सही कोणी केली?" ठमीने माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा पुसत होतो. आठवतं तुला? बराच वेळ पुसत होतो. ती म्हणाली, "मी."

तू तिची बॅग दाराबाहेर ठेवलीस. खोटी सही करणारी मुलगी माझी नाही, म्हणालास. मी मोठ्या मनाचा आजोबा होऊन तिला घरी घेऊन आलो. शेजारीपाजारी माझं कौतुक करायचे. मी करू द्यायचो. अकरा पत्रांत तुला सगळं लिहिलं, तिचे गुण, तिचे कष्ट, श्रावणातल्या उन्हावरच्या कविता. ही एक ओळ सोडून. बुधवारचं पत्रही तसंच. चार पानं आणि त्यात नेमकं तेच नाही.

तर त्या वेळी सही खोटी होती आणि तिने ती स्वतःची म्हटली. या वेळी सही तिची आहे, खरी आहे, आणि खोटी ठरते आहे. दोन्ही वेळा मी तिथेच बसलेलो होतो.

मंगळवारी इस्पितळात गेलो. मीटरबाईंनी मला खुर्ची दिली, ती भिंतीपाशी, स्वतः टेबलापलीकडे. सगळं ऐकून घेतलं.

"आजोबा, नातीसाठी लोक काय काय सांगतात ते मी वीस वर्षं ऐकते आहे."

"मी खोटं बोलत नाहीये हो."

"माझा विश्वास आहे तुमच्यावर. पण अहवालात विश्वासाला रकाना नसतो. आकडा लागतो."

पिवळ्या पिंपातून पेन्सिल काढून आणली. यंत्राजवळ नेली तशी ती करकरली. मी म्हटलं, झालं की! त्या म्हणाल्या, "पेन्सिल खोलीतच होती, म्हणजे नियम पाळला. पत्र बाहेर गेलं हे पत्रच सांगेल. ते कुठे आहे?"

"माझ्या मुलाकडे."

"मग मागवून घ्या."

मागवून घ्या! त्या बाईला आपल्या घरचं काय ठाऊक.

सूनबाईने सांगितलं, पाकीट मंगळवारी आलं आणि तू ते न उघडता गच्चीवर ठेवलंस, वर रिकामी कुंडी पालथी घातलीस. बरं केलंस. पण दादा, हे आयोडीन आठ दिवसांनी अर्धं होतं. बुधवारपासून आज आठ दिवस झाले. त्या कागदावर जे होतं ते अर्धं उरलं. आणखी आठ दिवसांनी अर्ध्याचं अर्धं. तुझ्या कुंडीखाली पोरीचा पुरावा दर तासाला विरतो आहे. सत्तावीसला दुपारी बाराला चौकशी आहे. पाच-सहा तासांचा रस्ता आहे.

माझ्यासाठी येऊ नकोस. मला भेटूही नकोस. तिने ते केलं नव्हतं.

अण्णा


सोमवार, २५ तारीख
घर

दादा,

काल सूनबाईचा फोन. गच्चीवरची कुंडी सुलटी झाली आहे आणि खाली काही नाही. तुला विचारलं तर तू म्हणालास, "त्याचं काय करायचं ते मी बघतो."

जाळलंस का रे?

जाळलं असलंस तर तेही लिही. एका कार्डावर लिही. मी मीटरबाईंना जाऊन सांगतो की वाट बघू नका.

ठमी रोज सहाला उठते, आंघोळ करते, डबा भरते आणि मग लक्षात येतं की कुठे जायचं नाही. डबा साडेसहालाच खाऊन टाकते. मग विटा रचून बसते. पाण्याने सिरिंज भरते, रिकामी करते, भरते. मला कविता म्हणायला सांगत नाही. मीही म्हणत नाही. परवा विचारलं, "नाही झालं तर काय करशील?" म्हणाली, "कुठल्यातरी लॅबमध्ये बाटल्या धुवीन. बाटल्या धुण्यात माझा हात कोणी धरणार नाही." आणि मग, "तुम्ही पाणी प्यालात का?"

तीन वर्षांत तिने मला त्या सहीवरून एकदाही टोचलं नाही. टोचलं असतं तर सोपं गेलं असतं.

आज एवढंच. थकलो आहे. तूही थकला असशील, तुझं वय आता काय कमी आहे? पंचावन्न. मी निवृत्तीचे दिवस मोजायला लागलो होतो त्या वयात.

अण्णा


गुरुवार, २८ तारीख
घर

दादा,

तू पाहिलंस की नाही ठाऊक नाही, मी काल तिथे होतो. जबाब द्यायला बोलावलं होतं. लांब कॉरिडॉरच्या टोकाला, पाण्याच्या पिंपाजवळच्या बाकावर.

पावणेबाराला तू जिन्यावरून आलास. केस धुळीने पांढरे की आधीच झालेले, मला लांबून कळेना. हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा, सुतळीने बांधलेला, आणि तो असा अंगापासून लांब धरलेला की साप पकडून आणलास वाटावं. समोरून येणाऱ्या बायकांना तू हाताने बाजूला व्हायला सांगत होतास, "लांबून जा, ताई, लांबून जा." ठमीकडून नंतर कळलं की बसने आला नाहीस, बसमध्ये लोक असतात, लहान मुलं असतात, म्हणून सहा तास स्कूटरवर आलास, डबा मागे कॅरिअरला बांधून. मी सदऱ्याखाली लपवून आणलं आणि चिंचेची आठवण काढत बसलो. तू एवढी वर्षं त्या कामाला भितोस, पण ते काम तुला माझ्यापेक्षा जास्त कळलं.

ठमी चौकशीच्या खोलीबाहेर उभी होती. तुला बघून तिने आधी डब्याकडे पाहिलं.

"बाबा, तिथेच थांबा. खाली ठेवा. आता मागे व्हा. अजून. त्या पट्टीच्या मागे."

"आणि तू?"

"माझं कामच आहे ते."

तू पट्टीच्या मागे गेलास. मीटरबाईंनी पुढे केलेले हातमोजे तिने चढवले, त्यांचं यंत्र डब्याजवळ नेलं. ते करकरलं. तुझा चेहरा मी पाहिला, दादा. तुला ते तिच्या हातातून हिसकावून घ्यायचं होतं.

पुढचं आत झालं, ते मीटरबाईंनी मला सांगितलं. रुग्णांची हाडं आणि गाठी बघायचा जो कॅमेरा आहे, त्याखाली त्यांनी पाकीट आणि चारही पानं वेगवेगळी ठेवली. पाव हिश्श्याहून थोडं जास्तच उरलं होतं, म्हणून चित्र यायला वेळ लागला, वीसेक मिनिटं. मग त्यांनी मला पडदा दाखवला. काळोखात ठिपके. अक्षरं दिसत नाहीत. जिथे जिथे पेन्सिल ओली केली तिथे तिथे एक ठिपका. पाकिटाच्या कडेला एक लांब उजळ पट्टी, माझ्या जिभेची. पहिल्या दोन पानांवर ठिपके विरळ, बरेचसे एकसारखे, माणूस निवांत लिहीत गेल्यासारखे. तिसऱ्या पानाच्या तळाशी मात्र एकाच जागी ठिपक्यांचा चिखल झालेला.

"इथे काय लिहिलंय हो, आजोबा?" बाईंनी विचारलं.

मी म्हटलं, "काही नाही. अडकलो होतो."

सहीबद्दल लिहायचं होतं, तिथली जागा ती. शब्द लिहिले तीन, पेन्सिल चाटली पंधरा वेळा. आयुष्यभर जे कागदावर उतरलं त्याला मी महत्त्व दिलं. त्या पडद्यावर फक्त न उतरलेलं दिसत होतं.

निकाल असा. पत्र मी लपवून आणलं हे सिद्ध झालं. माझ्या जबाबावर माझी सही घेतली, माझी स्वतःची. ठमीची सही खोटी नव्हती, तिला जेवढं दिसलं तेवढं तिने खरं लिहिलं, असं मीटरबाईंनी मांडलं. प्रकरण तिथे संपत होतं. पण पोरगी उभी राहिली आणि म्हणाली, "दुसरा कोणी रुग्ण असता तर मी त्याला सदरा झटकायला लावला असता. आजोबा होते म्हणून लावला नाही. हे माझ्या वहीत लिहा."

लिहिलं. त्या खोलीवरची पाळी सहा आठवडे पुन्हा करायची, परीक्षा पुढच्या तुकडीबरोबर. आज अठ्ठावीस, तिच्याबरोबरच्या मुली आज परीक्षेला बसल्या. तिने सकाळी त्यांना फोन करून शुभेच्छा दिल्या आणि सहाला कामावर गेली. बिल्ल्यावर 'प्रशिक्षणार्थी' आहेच. पण वही परत मिळाली. मीटरबाई मला दारापर्यंत सोडायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "हिला मी ठेवून घेणार आहे, आजोबा. एवढ्यात सांगू नका." म्हणून तिला सांगितलं नाही. तुला सांगतो आहे; निदान ही गोष्ट तरी तू तिच्याआधी ऐक.

पत्र आता शिशाच्या पेटीत आहे. ठमीने त्यावर चिठ्ठी लावली: अडीच महिन्यांनंतरची तारीख, तोवर तेज विरून जाईल, आणि 'मालक' म्हणून तुझं नाव. पाहिजे तर घेऊन जा, नको असेल तर त्यांना सांग, ते टाकून देतील. त्यात वाचण्यासारखं काही नाही. जे होतं ते एकवीस तारखेच्या पत्रात आहे, आणि ते तू वाचलंस हे आता मला कळलं आहे.

कॅमेऱ्याचं चित्र येईपर्यंत तुम्ही दोघं बाहेरच्या बाकावर बसला होतात. मी बघत होतो, बाकी मला करायला काय होतं? आधी तुमच्यात दोन माणसं बसतील एवढी जागा होती. तू काहीतरी विचारलंस. तिने हात पुढे केले, उलटसुलट करून दाखवले. तू ते धरले नाहीस, पण बराच वेळ बघितलेस. मग ती बोलत होती आणि तू मान खाली घालून ऐकत होतास. एकदा तू डोळे पुसलेस की स्कूटरची धूळ, ते मला इतक्या लांबून ओळखता आलं नाही. मला उठून यावंसं वाटलं. उठलो नाही. तुमच्यामध्ये मी तीन वर्षं बसून होतो, तेवढं पुरे.

तू परत निघालास तेव्हा माझ्याकडे आला नाहीस. बरोबर केलंस. मी लिहिलंच होतं तसं. तरी घरी येऊन दार उघडं ठेवलं होतं संध्याकाळपर्यंत, ते आपलं वारा यावा म्हणून.

संध्याकाळी ठमीला विचारलं, "काय म्हणाला गं तुझा बाप?"

ती भांडी घासत होती. म्हणाली, "ते आमचं आहे, अण्णा."

एवढं तोडून ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. मी मागच्या खोलीत येऊन पलंगावर पडलो. वाईट वाटलं, आणि मग थोड्या वेळाने बरं वाटलं, आणि मग नुसतीच झोप आली.

आता तुला मी पत्र लिहिणार नाही. तिच्याबद्दल काही विचारायचं झालं तर तिला विचार. इस्पितळाच्या मागच्या बाजूला एक लोखंडी फाटक आहे, कर्मचारी तिथून ये-जा करतात. समोर चहाचं दुकान आहे, बसायला दोन खुर्च्या आहेत. तिची पाळी दुपारी दोनला सुटते. हात धुवून, मोजून बाहेर पडायला तिला दहा मिनिटं जास्त लागतात; तेवढं थांबावं लागेल.

अण्णा